उजव्या बाजूचा खिसा

१

रुपालीला जाऊन दोन वर्षं होत आली होती, आणि तिला कोणीतरी मारलं असं म्हणणाऱ्या अख्ख्या बुऱ्हाणपुरात आम्ही दोघीच होतो. एक मी, सुलभा शिंपी, शनवाऱ्याजवळच्या गल्लीत बायकांचे ब्लाऊज शिवते. दुसरी तेजस्विनी, कोर्टात वकिली करते. बाकीच्यांसाठी विषय संपला होता. सरकारी कागदावर लिहिलं होतं: दगा कौतिक पाटील, पुरुष, वय सत्तावीस, तापीत पाय घसरून, डोक्याला दगड लागून, बुडून मृत्यू.

त्या कागदात वय तेवढं खरं होतं.

रुपाली खकनारकडच्या एका खेड्यातली, केळीवाल्यांच्या घरातली. मुलगा म्हणून जन्मली. आधीची दोन लेकरं दगावली म्हणून आईने नाव दगा ठेवलं. एकविसाव्या वर्षी घर सोडलं आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. अंगात सलवार-कमीज, हातात एक पिशवी. म्हणाली, शिवण शिकवा, झाडलोट पण करीन. सहा वर्षं माझ्यापाशी राहिली. त्याच काळात तेजस्विनीने खटपट करून तिला कलेक्टर ऑफिसातून ओळखपत्र मिळवून दिलं. त्यावर नाव होतं रुपाली पाटील. ते कार्ड तिने आठवडाभर उशाखाली ठेवलं होतं.

ती गेली तो फेब्रुवारीतला बुधवार होता. चार वाजता मशीनवर कापड झाकून ती उठली. जांभळा पंजाबी ड्रेस, डाव्या हातात चार हिरव्या बांगड्या. मला म्हणाली, "घरून बोलावणं आलंय, ताई. उद्या भिकनच्या मुलीचं बारसं आहे. पाळण्यापाशी आत्या नको का?"

सहा वर्षांत मी तिला इतकी खूश कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जैनाबादच्या बाजूला पाण्यात प्रेत सापडलं. अंगात पांढरा शर्ट आणि तपकिरी पँट. थोरल्या भावाने, भिकनने, ओळख पटवली. दुपारच्या आत गावी नेऊन जाळलंसुद्धा. आम्ही ठाण्यात गेलो तर तिथले एक साहेब हसले. शर्ट-पँटमधला आदमी है, तुमची रुपाली कुठली, असं म्हणाले. घरच्यांनी जबाब दिला की आम्ही कोणाला बोलावलंच नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. न्याय वगैरे तेजस्विनी म्हणायची. मला एक नाव हवं होतं आणि त्या नावाचा माणूस माझ्यासमोर हवा होता. पुढचं मी बघून घेणार होते.

पहिल्या वर्षी आम्ही राजघाटावर तिची आठवण म्हणून जमलो, तर पाच माणसं आली. तेजस्विनीने एक यादी वाचली. देशभरात रुपालीसारखी जी माणसं मारली गेली त्यांची, पेपरांतून जमवलेली. कोणाचं नाव होतं, कोणाचं नुसतं गाव. दुसऱ्या वर्षी आमच्या दुकानाच्या वरच्या खोलीत जमायचं ठरलं. त्याच्या आठ दिवस आधी, भरदुपारी, एक म्हातारी दुकानात आली. हातात कापडाची पिशवी. रुपालीची आई, मालूबाई. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते, तरी रुपालीसारख्या कपाळावरून ओळखलं.

ती बसली नाही. पिशवीतून तिने एक शर्ट काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"दवाखान्यातून हे दिलं व्हतं. मले जाळायले सांगतलं. मी ज्वारीच्या कोठीत लपवलं," ती म्हणाली. "हा भिकनचा नाही. आमच्या घरात कोनाचाच नाही. तू शिवते ना? मंग सांग मले, कोनाचा हाये."

नदीच्या पाण्याने शर्ट मळकट पिवळा झाला होता. शिवून घेतलेला, पण कॉलरला कुठल्या टेलरची पट्टी नाही. दोन्ही बाह्या खांद्याच्या मागच्या बाजूला उसवलेल्या. छातीवर एकच खिसा, पण डाव्या बाजूला असतो तो उजव्या बाजूला. आणि खिशाचं तोंड अजून लाल दोऱ्याच्या कच्च्या टाक्याने बंद होतं.

मग मी काजं पाहिली. काजं हाताने केलेली होती, प्रत्येक काजाचा शेवटचा टाका उलटा फिरवलेला. सहा वर्षं मी त्या टाक्यावरून जिला रागावत होते, तिचाच तो हात होता.

रुपालीच्या अंगावरून काढलेला तो शर्ट रुपालीनेच शिवला होता.

२

आमच्या दुकानात पुरुषांचे कपडे शिवत नाहीत. तिने शर्ट शिवला म्हणजे कोणा आपल्या माणसासाठी, आणि माझ्या नकळत. मला एकच माणूस सुचला.

अनिकेत एका खाजगी शाळेत गणित शिकवायचा. दीड वर्ष तो आणि रुपाली एकत्र होते. म्हणजे तो तिला गल्लीच्या तोंडाशी सोडून तोंडाला रुमाल बांधून निघून जायचा, तेवढं एकत्र. ती गेल्यावर तो आला नाही, रडायलाही आला नाही. त्याच उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. त्याचा मला मारेकऱ्याइतकाच राग होता.

मधल्या सुट्टीत मी आणि तेजस्विनी शाळेच्या फाटकाशी उभ्या राहिलो. आम्हाला पाहून त्याचा चेहरा उतरला. "ताई, प्लीज, यहाँ नहीं," म्हणत तो आम्हाला रसवंतीच्या मागे घेऊन गेला. मी शर्ट उलगडून त्याच्यासमोर धरला.

तो माझा नाही, असं तो लगेच म्हणाला. त्यात खोटं नव्हतं. शिंप्याला माप डोळ्यात असतं. अनिकेत उंच, किडकिडीत, गळा साडेचौदा. शर्टाचा गळा साडेपंधरा आणि उंची त्याच्या बेंबीपर्यंत आली असती. त्या दिवशी कुठे होतास, असं तेजस्विनीने विचारलं. शाळेचं स्नेहसंमेलन होतं, रात्री आठपर्यंत तो स्टेजमागे होता, शंभर माणसांनी पाहिलं होतं. हे आम्ही नंतर तपासलं, खरं निघालं.

पण शर्टाकडे पाहताना त्याची नजर खिशावर गेली आणि तिथेच थांबली. मी विचारलं, काय झालं? त्याने मान हलवली.

"मुझे कुछ नहीं पता. विचारायचं तर तिच्या भावाला विचारा," तो म्हणाला. "डावखुरा तो आहे."

घंटा झाली आणि तो जवळजवळ पळतच आत गेला. तेजस्विनीने गाडी सुरू केली. मी मागे बसले, पण माझं लक्ष त्याच्या शेवटच्या वाक्यात अडकलं होतं. अनिकेतने भिकनला जन्मात कधी पाहिलं नव्हतं. मग तो डावखुरा आहे हे याला कोणी सांगितलं, आणि कशासाठी?

३

उजव्या बाजूचा खिसा डावखुऱ्या माणसालाच लागतो. दोन वर्षं माझा संशय भिकनवर होताच. घरून बोलावणं आलं असं रुपालीने मला सांगितलं, भिकन म्हणतो बोलावलंच नाही. ओळख पटवली त्याने, घाईने जाळलं त्याने. आता शर्टही त्याच्याकडे बोट दाखवत होता. खकनारच्या रस्त्याला लागलो तेव्हा मी मनातल्या मनात सगळं ठरवून टाकलं होतं. माझी दहा इंची कात्री पर्समध्ये होती. तेजस्विनीला हे मी सांगितलं नव्हतं.

भिकनच्या बागेत घडांची कापणी चालू होती. तो कोयता डाव्या हातात धरून उभा होता. मला हवं होतं तेच दिसत होतं. पण मग तो वळला आणि माझा सगळा हिशेब फिसकटला. मान बैलासारखी, छाती भरलेली. गळा सतराच्या खाली नाही. तो शर्ट या माणसाच्या अंगात शिरलाच नसता.

आम्ही कोण ते कळल्यावर त्याने कोयता खाली ठेवला, पण बसा म्हटलं नाही. बारशाचं बोलावणं कोणी केलं, असं मी विचारलं. तो जमिनीकडे पाहत राहिला. "ती आमच्याकडे आलीच नाही," एवढंच म्हणाला आणि चिकाने काळे झालेले हात लुंगीला पुसत राहिला. केळीचा चीक असा पुसून जात नाही हे त्याला जन्मापासून ठाऊक असणार.

शेजारी त्याचा मेहुणा उभा होता. भूपेंद्र, त्याच्या बहिणीचा, वैशालीचा नवरा. बुऱ्हाणपुरात ठिबकच्या नळ्यांचं दुकान, जैनाबादला स्वतःची बाग. इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं. आम्हाला पाणी त्यानेच मागवलं. त्या दिवशी दवाखान्यात कोण कोण होतं, असं तेजस्विनीने त्याला विचारलं. फक्त भिकन गेला होता, तो म्हणाला, आणि प्रेत गावी आलं ते पांढऱ्या कापडात गुंडाळूनच. आपण तर बारशासाठी आलेल्या पाहुण्यांचं बघत होतो. दगाला सहा वर्षांत पाहिलंसुद्धा नव्हतं.

निघताना तो आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आला.

"जाऊ द्या ना ताई," तो म्हणाला. "जिंदगीभर तमाशा केला त्याने. पण गेला तो तरी माणसासारखा गेला, नव्या कोऱ्या शर्टात. घराची इज्जत राहिली."

अर्ध्या रस्त्यात मी तेजस्विनीला गाडी थांबवायला सांगितली. मला दोन गोष्टी खटकत होत्या. एक तर भिकन, ज्याने बहिणीला मेल्यावरही पुरुष म्हणून जाळलं, तो आमच्याशी बोलताना 'ती' म्हणाला होता. भूपेंद्र 'तो' म्हणाला.

दुसरी गोष्ट मला पकडता येत नव्हती. काहीतरी बोललं गेलं होतं जे बोलायला नको होतं, आणि ते माझ्या हातातून सुईसारखं खाली पडलं होतं.

४

दोन दिवसांनी तेजस्विनी दुकानात आली ती धापा टाकत. "सुलभाताई, फाइल मिल गई." ठाण्यात आता नवीन बाई आल्या होत्या, सब-इन्स्पेक्टर. त्यांनी जुन्या प्रकरणाच्या नकला दिल्या होत्या. पंचनाम्यात एक ओळ होती जी दोन वर्षांत कोणी नीट वाचली नव्हती. शर्टाच्या डाव्या कफाची गुंडी लावलेली, आणि कफाच्या आत मनगटावर काचेच्या हिरव्या बांगड्या, नग चार.

मी ती ओळ तीनदा वाचली. बाई माणूस पुरुषाचे कपडे घालायचं ठरवेल तर आधी बांगड्या उतरवेल. बांगड्यांवरून कफ ओढून गुंडी कोण लावेल? आणि बाह्या उसवल्या होत्या मागून. जिवंत माणूस हात मागे नेऊन बाही चढवतो, कापडाला तोशीस पडत नाही. ज्याचे हात वळत नाहीत त्याच्या अंगात दुसऱ्याने शर्ट कोंबला की खांदा तिथेच फाटतो.

रुपालीने तो शर्ट घातलाच नव्हता. ती मेल्यावर कोणीतरी तिला तो घातला होता. तिच्या अंगातली बाई झाकायला.

तेजस्विनी भिंतीला टेकून खाली बसली. मी रडले नाही. मी बांगड्यांवरून कफ ओढणारी ती बोटं डोळ्यांसमोर आणत होते.

पण शर्ट कोणाचा ते अजून कळत नव्हतं. खिसा डावखुऱ्याचा, आणि गळा डावखुऱ्याच्या गळ्याला न येणारा. अशात एक गिऱ्हाईक आलं. लग्न होऊन इंदूरला गेलेली एक मुलगी, तिने फोनवर सांगून ब्लाऊज शिवून घेतला होता. घालून पाहिला तर हुक लागेना. ती हसत म्हणाली, "ताई, तुम्ही माझं जुनं माप धरलंत. तेव्हा मी बारीक होते."

मी कात्री खाली ठेवली.

रुपालीने भिकनला शेवटचं पाहिलं ते घर सोडताना, हा शर्ट शिवायच्या जवळजवळ सहा वर्षं आधी. तिच्या डोळ्यात त्याचं तेव्हाचं माप होतं.

त्याच संध्याकाळी मी एकटी अनिकेतच्या घरी गेले. दार त्याच्या बायकोने उघडलं. तो मागून आला, मला पाहून भिंतीसारखा पांढरा पडला. मी त्याला बाहेर बोलावलं आणि म्हटलं, "तो शर्ट तिने भावासाठी शिवला होता. तो डावखुरा आहे, म्हणून खिसा उजवीकडे. हे तिने तुला सांगितलं होतं. आता फक्त एवढं सांग, तिने तो कोणाच्या हातात दिला?"

त्याने मागचं दार ओढून घेतलं आणि एक नाव सांगितलं. दोन वर्षं मी ज्याची वाट पाहत होते ते नाव.

मी त्याला म्हटलं, रविवारी येशील आणि चारचौघांत हे सांगशील. नाही आलास तर मी पुन्हा येईन, आणि तेव्हा दारातून परत जाणार नाही.

५

रविवारी दुपारी वरच्या खोलीत तीसेक माणसं जमली. रुपालीची गिऱ्हाइकं होती, खंडव्याहून तिच्या दोन मैत्रिणी आल्या होत्या. मालूबाईने हट्ट धरून घरच्यांना आणलं होतं. भिकन दाराशी बसला. वैशाली आईच्या मागे. भूपेंद्र पांढऱ्या कुडत्यात, सगळ्यांना नमस्कार करत पुढच्या रांगेत. कोपऱ्यात साध्या साडीत ठाण्यातल्या नव्या बाई बसल्या होत्या. कात्री मी खाली कुलपात ठेवून आले होते, कारण माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

तेजस्विनीने यादी वाचली. शेवटी रुपालीचं नाव आलं. मग मी उभी राहिले आणि शर्ट काढला.

हे तिच्या अंगावर होतं, एवढंच मी सांगितलं, आणि भिकनला तो घालून बघायला सांगितलं. बाह्या कशाबशा चढल्या, गळ्याची गुंडी दोन बोटं लांब राहिली. लोकांत कुजबुज झाली. भूपेंद्रने सुस्कारा टाकला. म्हणाला, बघा, घरचा नाहीच, उगाच बिचाऱ्याला बोल लावता.

मी मालूबाईला विचारलं, ती घर सोडून गेली तेव्हा भिकन कसा होता.

"हाडाचा सापळा व्हता माय," म्हातारी म्हणाली. "टायफाइडातून उठला व्हता."

"मग हा त्याचाच आहे," मी म्हटलं. "भिकन, खिसा बघ कुठे आहे. तू डावखुरा म्हणून तिने तो उजवीकडे लावला. भाऊबीजेला तुझ्यासाठी शिवला होता. आठवणीतल्या मापाने."

भिकनने खिशावर हात ठेवला. डावा हात, आपोआप तिथेच गेला. मला हा मिळालाच नाही, असं तो पुटपुटला.

मागून अनिकेत उठला. बायकोही त्याच्याबरोबर आली होती, ती मान खाली घालून बसली होती. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आपण रुपालीला गाडीवर ठिबकच्या दुकानात घेऊन गेलो होतो, असं त्याने सांगितलं. पुडकं तिने आपल्यासमोर दाजींच्या हातात दिलं, भावाला द्या म्हणाली. आणि त्याने भूपेंद्रकडे बोट केलं. ते बोट खाली आलं नाही.

भूपेंद्र हसला. हा कोण कुठला, म्हणाला, याची गवाही कोण मानणार. आपण तर दगाला त्याच्या शेवटच्या सहा वर्षांत पाहिलं नाही.

तोवर माझ्या हातातून पडलेली सुई मला सापडली होती, ती मी उचलली. "मला तुम्ही म्हणालात की तो नव्या कोऱ्या शर्टात गेला. शर्ट तर रात्रभर नदीत होता. दवाखान्यात तुम्ही गेला नाहीत, प्रेत गुंडाळून आलं. खिशाचा कच्चा टाका पाहूनच तो नवा आहे हे कळतं. तुम्ही तो टाका केव्हा पाहिलात?"

मी पंचनाम्यातली बांगड्यांची ओळ वाचून दाखवली. बाह्या मागून का फाटल्या ते सांगितलं. ती शर्ट घालून मेली नाही, मेल्यावर तिला घातला गेला, हे सांगितलं. मग मी भिकनकडे वळले आणि दोन वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं ते विचारलं. बारशाचा निरोप कोणाबरोबर धाडला होतास?

"दाजींबरोबर," भिकन म्हणाला. "माय ऐकत नव्हती, तिले आत्या म्हणून तीच पाहिजे व्हती. मी म्हटलं, येऊ द्या, पण शर्ट-पँट घालून ये म्हणावं. दवाखान्यात तिले शर्टात पाह्यलं आन् मले वाटलं, माझ्या शब्दाखातर घातला, मंग सहन झालं नाही म्हणून नदीत उडी घेतली. मीच मारलं असं वाटे. म्हणून बोलावलं नव्हतं म्हणून सांगतलं. म्हणून घाई केली. तिचं प्रेत कोनी चिरू-फाडू नये अजून."

म्हणजे दोन वर्षं हा माणूस दुसऱ्याचा खून स्वतःच्या डोक्यावर घेऊन कोयता चालवत होता. आणि मी त्याच्यासाठी कात्री घेऊन गेले होते.

भूपेंद्र उठला. चला, बहुत हुआ, असं वैशालीला म्हणाला. वैशाली उठली नाही. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि आईच्या पाठीवर हात ठेवून बोलायला लागली, कोणाकडेही न पाहता.

"त्या दिवशी संध्याकाळी मी जैनाबादच्या बागेत डबा घेऊन गेले होते. यांनी वाळलेली पानं पेटवली होती. पानांखाली जांभळं कापड होतं, जरीची किनार दिसली मला. मी विचारलं काय जाळता. म्हणाले, बागेला कीड लागली होती, ती जाळतो." आईच्या पाठीवरचा हात तिने काढला नाही. "दुसऱ्या दिवशी मला कळलं कीड कोणती ते. मला दोन मुलं आहेत. मी गप्प राहिले."

भूपेंद्रने बायकोकडे असं पाहिलं जसं खुर्ची बोलायला लागली असावी. आणि मग तोच बोलला. कोणी विचारलं नव्हतं.

"पाळण्याला हात लावणार होता तो. माझ्या भाऊबंदांसमोर, बांगड्या घालून. मी त्याला बागेत नेलं, चांगल्याने सांगितलं, हा शर्ट घे, पँट घे, बदल आणि चल. तर मला म्हणतो, आत्या शर्ट घालून येत नसते." त्याच्या ओठांना फेस आला होता. "एक धक्का दिला फक्त. पंपाचा चौथरा होता मागे. मैंने तो घर की गंदगी साफ की. मेल्यावर तरी त्याला पुरुष केला मी."

भिकनने त्याचा गळा धरला तेव्हा चार माणसांना तो सोडवता येईना. मी सोडवला. मी भिकनच्या कानात बोलले आणि त्याने हात काढले. लोकांना वाटलं, बाई दयाळू आहे. मी त्याला एवढंच म्हटलं होतं, की असा दोन मिनिटांत सुटू देऊ नकोस त्याला.

६

भूपेंद्रला अटक झाली. कबुली त्याने नंतर फिरवली, पण वैशालीने मॅजिस्ट्रेटसमोर जबाब दिला, अनिकेतनेही दिला. पंपाच्या चौथऱ्याची माती काढून नेली. वैशाली मुलांना घेऊन माहेरी आली आहे. भाऊबंद तिच्या नावाने खडे फोडतात. ती म्हणते, फोडू द्या.

भांडण झालं ते नावावरून. आरोपपत्रात मृताचं नाव दगा कौतिक पाटील असं आलं होतं. तेजस्विनीने ते मानलं नाही. कलेक्टरच्या ओळखपत्राची नक्कल लावली, अर्ज केला. भूपेंद्रच्या वकिलाने म्हटलं, नावात काय आहे, मेलेल्याला काय फरक पडतो. तारखा पडत गेल्या. मालूबाई प्रत्येक तारखेला खकनारहून बसने यायची. शेवटी कोर्टाने विचारलं तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, मी आई आहे, नाव ठेवायचा हक्क माझा, आणि माझ्या लेकीचं नाव रुपाली आहे. अर्ज मंजूर झाला.

आरोप वाचायचा दिवस पावसाळ्याच्या तोंडावर आला. मी सकाळीच जाऊन पुढच्या बाकावर बसले, त्याला मी दिसेन अशी. माझ्या एका बाजूला मालूबाई, दुसऱ्या बाजूला भिकन. भूपेंद्रला आणलं. कुडता चुरगळलेला, दाढी वाढलेली. जज्जसाहेबांनी हिंदीत वाचून दाखवलं, की तू अमुक तारखेला जैनाबादच्या शिवारात रुपाली पाटील हिला जिवे मारलंस, पुरावा नष्ट करायला तिचे कपडे जाळलेस. प्रत्येक वेळी हिला, तिचे.

मग साहेबांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "किसकी हत्या का आरोप है, समझ में आया?"

भूपेंद्र म्हणाला, "दगाची."

"रेकॉर्ड पर जो नाम है, वो बोलिए."

साहेबांनी पुन्हा विचारलं. बाहेर वऱ्हांड्यात कोणीतरी पुकारा करत होतं, तेवढाच आवाज. त्याने कठड्याचा गज घट्ट धरला होता आणि त्याच्या गळ्याची शीर उडताना मला बसल्या जागी दिसत होती. सोळाचा गळा.

"रुपालीची," तो म्हणाला.

"ज़ोर से."

"रुपाली पाटीलची."

भिकनने डोळे मिटले. मालूबाईने माझा हात दाबला. तेजस्विनी नंतर म्हणाली, आता तरी तुम्हाला बरं वाटलं असेल, ताई.

नाही वाटलं. मला ते त्याच्या तोंडून पुन्हा ऐकायचं होतं. या खटल्याच्या अजून पुष्कळ तारखा पडणार आहेत, आणि मी एकही चुकवणार नाही.